जिभेवर राहिलेले पेकिंग

अमेरिकेतल्या चिनी जेवणाला ज्या बाईने मान मिळवून दिला, तिने रीतसर स्वयंपाक कुठेच शिकलेला नव्हता. लहानपणी घरच्या मुदपाकखान्यात पाऊल ठेवायचीही तिला मुभा नव्हती. तिथे दोन आचारी राबत, एक उत्तरेकडचा आणि दुसरा शांघायकडचा. मुलांनी जेवायच्या वेळी येऊन बसायचे, पुढ्यात येईल ते खायचे आणि कुठल्या पदार्थात काय साधले, काय बिघडले याची मोठ्यांची चर्चा ऐकायची. सेसिलिया च्यांग यांचे खाण्यातले शिक्षण ते एवढेच. त्या शिदोरीवर त्यांनी चाळिशी उलटताना ‘द मँडरिन’ नावाचे रेस्टॉरंट काढले आणि जवळजवळ तीस वर्षे चालवले. तेही सॅन फ्रान्सिस्कोत, जिथल्या चिनी वस्तीतल्या माणसांनाही त्यांची बोली कळत नव्हती.

मराठीत पाककृतींच्या पुस्तकांची वाण नाही. ‘रुचिरा’ तर १९७० पासून घराघरांत आहे. पण जेवण हाच ज्यांचा धंदा, त्या माणसांची आयुष्ये आपण फारशी लिहून ठेवलेली नाहीत. खानावळी चालवणाऱ्या, डबे देणाऱ्या, लग्नाच्या पंक्ती उठवणाऱ्या बायका आपल्याकडे गावोगाव होऊन गेल्या. त्यांच्या हातची चव आठवणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी वाण्याची उधारी कशी फेडली, आचारी कसे टिकवून धरले, भाडे कसे भरले, हे सांगणारे मात्र भेटत नाहीत. च्यांगबाईंच्या बाबतीत हा सगळा व्यवहार नोंदला गेला आहे, आणि बराचसा त्यांच्याच तोंडून. म्हणून त्यांचे चरित्र मराठीत आणावेसे वाटले. हे पुस्तक लिहिताना माझ्यापुढे एकच प्रश्न होता: घर गेले, देश गेला, आईवडील दुरावले, तरी एका माणसाच्या जिभेवर काय काय शिल्लक राहू शकते, आणि त्या शिलकीतून पुन्हा काय उभे करता येते?

जन्म १९२०चा, शांघायजवळच्या वूशी गावचा. मुलीचे नाव सुन युन. बारा भावंडांत दहावी आणि मुलींमध्ये सातवी. आपल्या आठवणींच्या पुस्तकाला त्यांनी पुढे याच क्रमांकाचे नाव दिले. ती लहान असतानाच कुटुंब पेकिंगला हलले आणि मिंग राजवटीच्या काळातल्या एका बावन्न खोल्यांच्या वाड्यात राहू लागले. वडील फ्रान्समध्ये शिकून आलेले रेल्वे इंजिनिअर. पन्नाशीतच नोकरी सोडून ते घरी बसले आणि वाचन, बागकाम यांत रमले. आई कापडाच्या आणि पिठाच्या गिरण्या असलेल्या घरातली. तिचे पाय जुन्या रीतीप्रमाणे बांधलेले होते, पण पैशाचे व्यवहार तिला उत्तम कळत. मुलींचे पाय बांधले गेले नाहीत, त्या शिकल्या. या एका गोष्टीचे मोल पुढे किती होते ते वाचकाला लवकरच कळेल.

या घराच्या जेवणाबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण पुढची सगळी कथा त्यातूनच निघते. वूशी हा यांगत्सेच्या मुखाकडचा पाणथळ मुलूख. भात, नदीतली कोळंबी, गोड्या पाण्यातले मासे, आणि सोयासॉसमध्ये साखर घालून मंद आचेवर शिजवलेले डुकराचे मांस, ही तिथली खासियत. शेजारच्या प्रांतातली माणसेही वूशीच्या जेवणाला गोडसर म्हणतात. पेकिंगची गोष्ट वेगळी. तिथे गहू पिकतो, म्हणून पातळ पोळ्या, हाताने ओढलेल्या नूडल्स आणि डम्पलिंग. शिवाय मंगोल आणि मुसलमान शेजारामुळे मेंढीचे मांस, आणि दरबारी परंपरेतून आलेले भाजलेले बदक. सुन कुटुंब दक्षिणेची जीभ घेऊन उत्तरेत राहत होते आणि दोन आचाऱ्यांमुळे दोन्ही परंपरा एकाच टेबलावर येत होत्या. एकाच प्रांतात वाढलेल्या माणसाला आपलेच जेवण म्हणजे चिनी जेवण असे वाटू शकते. या मुलीला तसे वाटण्याचा संभवच नव्हता.

जपान्यांनी १९३७मध्ये पेकिंग घेतले. शहरात धान्याची टंचाई, रस्त्यावर सैनिक. त्या दिवसांत ती तिथल्या फू रेन या कॅथलिक विद्यापीठात शिकत होती. महायुद्ध ऐन भरात असताना ती आणि तिची पाचवी बहीण शहर सोडून निघाल्या. जायचे होते चुंगकिंगला, म्हणजे चिनी सरकारच्या युद्धकाळातल्या राजधानीत. वाट दीड हजार किलोमीटरच्या आसपास आणि बहुतेक पायी. जपानी सैनिकांनी सामान हिसकावून घेतले. कपड्यांच्या आत शिवलेली सोन्याची नाणी तेवढी वाचली. त्यांच्यावर निभावत जवळजवळ सहा महिन्यांनी दोघी पोचल्या. आईसारखे पाय बांधलेल्या बाईला हा प्रवास जमला असता का, हा विचार त्या पानांवर माझ्या मनातून जात नव्हता.

मराठी वाचकाला हा काळ अगदी अनोळखी नाही. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस याच युद्धात चिनी जखमींवर शस्त्रक्रिया करत होते, आणि डिसेंबर १९४२मध्ये हपै प्रांतात त्यांचे निधन झाले. हपै म्हणजे पेकिंगच्या भोवतालचाच प्रांत. कोटणिसांच्या चरित्रातून आपल्याला त्या युद्धातली आघाडी दिसते. घरदार सोडून रस्त्याला लागलेली लाखो माणसे दिसत नाहीत. या दोन बहिणी त्या माणसांतल्या.

चुंगकिंग सिच्वानच्या मुलखातले. तिखट मिरच्या, जिभेला झिणझिण्या आणणारे सिच्वानी मिरे, आंबवलेल्या घेवड्याचा लालभडक मसाला, अशी तिथली चव पेकिंगच्या किंवा वूशीच्या टेबलावर बसून समजली नसती. त्या काळात तिने तिथल्या अमेरिकन आणि सोव्हिएत वकिलातीतल्या लोकांना चिनी शिकवण्याचे काम केले. इथेच च्यांग ल्यांग यांच्याशी लग्न झाले. ते फू रेनमध्ये अर्थशास्त्र शिकवत असत आणि आता व्यवसायात होते. युद्ध संपल्यावर जोडपे शांघायला आले. मुलगी झाली, मुलगा झाला. मग १९४९. कम्युनिस्ट फौजा शांघायच्या वेशीवर असताना टोकियोला जाणाऱ्या अखेरच्या विमानांपैकी एकात कुटुंबाला तीनच जागा मिळाल्या. नवरा, बायको आणि मुलगी निघाली. तान्हा मुलगा मावशीपाशी राहिला. तो तैवानमार्गे आईपर्यंत येईतो एक वर्षाहून जास्त काळ गेला. या वियोगाबद्दल च्यांगबाई फार बोलल्या नाहीत, म्हणून मीही त्या प्रकरणात अंदाजाचे रंग भरलेले नाहीत.

टोकियोत १९५१च्या सुमारास त्यांनी काही चिनी मित्रांबरोबर ‘फॉरबिडन सिटी’ नावाचे रेस्टॉरंट काढले. परागंदा झालेल्या चिन्यांना घरचे जेवण हवे होते, आणि ते चालले. धंद्याची पहिली तोंडओळख ती. पण खरी कहाणी सुरू होते १९६०मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत.

विधवा झालेल्या बहिणीला भेटायला त्या तिथे गेल्या होत्या. टोकियोतल्या ओळखीच्या दोघी रस्त्यात भेटल्या. त्यांना रेस्टॉरंट काढायचे होते, पोल्क स्ट्रीटवर जागा पाहिली होती, पण जागामालकाशी बोलायला इंग्रजी जमत नव्हते. च्यांगबाई मदतीला गेल्या आणि जागेच्या अनामतीपोटी दहा हजार डॉलरचा चेक स्वतःच्या सहीने देऊन आल्या. त्या दोघींनी पुढे अंग काढून घेतले. मालक पैसे परत द्यायला तयार नव्हता. टोकियोत नवऱ्याला हे सांगायचे तरी कसे? त्यांनी ठरवले की जागा घेतलीच आहे तर रेस्टॉरंट आपणच चालवायचे. इतक्या आडवळणाने सुरू झालेल्या कामाला पुढे त्यांनी आयुष्य वाहिले.

त्या शहरातल्या चिनी जेवणाचा इतिहास जाणल्याशिवाय पोल्क स्ट्रीटवरचे धाडस कळणार नाही. कॅलिफोर्नियात १८४९पासून सोन्याच्या ओढीने आणि पुढे रेल्वेच्या कामावर आलेले चिनी मजूर मुख्यतः दक्षिणेतल्या ग्वांगडोंग प्रांतातले, त्यातही पर्ल नदीच्या पश्चिमेकडच्या चार परगण्यांतले. याच परगण्यांतली दर्यावर्दी माणसे मुंबईच्या गोदीतही आली होती. माझगावातले सी यूप कून हे चिनी मंदिर त्यांनीच उभारलेले, १९१९चे. अमेरिकेत या माणसांवर आधी जमावाने हात उचलला, मग कायद्याने. १८८२च्या कायद्याने चिनी मजुरांना देशात यायलाच बंदी केली. बायकांना आणणे तर त्याआधीपासूनच जवळजवळ अशक्य करून ठेवले होते. व्यापाऱ्यांना सूट होती. १९१५मध्ये न्यायालयाने रेस्टॉरंटचा मालकही त्या सवलतीत बसवला आणि एक फट उघडली. नात्यातले, गावातले दहाजण पैसे एकत्र करत, रेस्टॉरंट काढत, आळीपाळीने त्याचे व्यवस्थापक होत आणि त्या जोरावर चीनला जाऊन परत येण्याचे, माणसे आणण्याचे कागद मिळवत. गावोगावी चिनी रेस्टॉरंटे निघाली त्यामागे हे कारण फार मोठे होते.

अशा रेस्टॉरंटांत मिळे चॉप सुई, चाऊ मीन, एग फू यंग. भाज्या आणि मांसाचे तुकडे घट्ट रश्श्यात परतलेले, फार तिखट नाही, फार उग्र नाही, स्वस्त आणि भरपूर. अमेरिकन गिऱ्हाइकाला चिनी जेवण म्हणजे हेच आणि त्याची किंमत एवढीच, असे पक्के झाले. बंदीचा कायदा १९४३मध्ये रद्द झाला, पण वर्षाला अवघ्या १०५ चिन्यांना प्रवेश होता. नव्या प्रांतांतले नवे आचारी येणार कुठून? ते खऱ्या अर्थाने येऊ लागले १९६५च्या कायद्यानंतर.

च्यांगबाईंबद्दल लिहिणारे बहुतेकजण इथे चॉप सुईला नावे ठेवून पुढे जातात. मला ते पटत नाही. चॉप सुई हे घरापासून, बायकोमुलांपासून तोडलेल्या पुरुषांनी, मिळेल त्या भाजीतून, आपल्याला हाकलू पाहणाऱ्या समाजाला विकून जगण्यासाठी घडवलेले जेवण होते. त्यात कसब होते, आणि त्या कसबावर हजारो कुटुंबे तगली. च्यांगबाईंचे जेवण वेगळ्या घरातून आले होते. बावन्न खोल्यांच्या वाड्यातून, दोन आचाऱ्यांच्या हातून, जिथे कुठल्या जिनसाला किती पैसे पडले हा प्रश्न मुलांच्या कानावर येत नसे. ‘अस्सल’ हा शब्द त्यांच्या नावामागे सर्रास लावला जातो. पण चार परगण्यांतल्या मजुराचे जेवण खोटे आणि पेकिंगच्या वाड्यातले खरे, असा निवाडा मी तरी करणार नाही. मुंबईत कलकत्त्याहून आलेल्या नेल्सन वांग यांच्या हातून १९७५च्या सुमारास चिकन मंचुरियन जन्मले असे सांगतात. आपल्या नाक्यावरच्या गाडीवर पाव शतक ते खाल्लेल्या माणसाला हा मुद्दा वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही. च्यांगबाईंचे मोठेपण दुसऱ्याच्या जेवणाला उणे ठरवून सिद्ध होत नाही. ते कशात आहे हे पाहायला त्यांच्या पहिल्या दोन वर्षांत जावे लागते.

साठच्या दशकाच्या आरंभी पोल्क स्ट्रीटवर साठ-पासष्ट जणांच्या बैठकीचे ‘द मँडरिन’ उघडले. अमेरिकन माणसाला काय आवडेल याचा अंदाज नसल्यामुळे त्यांनी आठवतील ते सगळे पदार्थ यादीत घातले; संख्या दोनशेच्या वर गेली. चायनाटाऊनमधले व्यापारी कँटनी बोलणारे. त्यांना ही उत्तरेची बोली बोलणारी बाई परकी, शिवाय एकटी बाई धंदा करते हेच न रुचणारे. उधारीवर माल कुणी देईना. रोख मोजावे लागे आणि हवा तो जिन्नस मिळेलच याची खात्री नसे. गिऱ्हाईक थोडे, त्यातले पुष्कळजण चॉप सुई मागायचे आणि नाही म्हटल्यावर उठून जायचे. वाड्यात वाढलेल्या बाई फरशा पुसत, संडास धूत, भाजी आणत आणि रात्री हिशेब मांडत.

स्वयंपाकासाठी त्यांना शांडोंग प्रांतातले एक जोडपे मिळाले. पिठाच्या पदार्थांत शांडोंगच्या लोकांचा हात धरणारे कमी. इथे ती जीभ कामी आली. ज्या बाईने पदार्थ रांधलेला नाही तिने आचाऱ्याला काय सांगायचे? ती चाखत असे. पेकिंगला हा पदार्थ कसा लागायचा ते तिला ठाऊक होते आणि समोरच्या वाटीतला तिथवर पोचला नाही हेही कळत होते. मधली वाट आचाऱ्याने शोधायची, आणि तिने पुन्हा चाखायचे. अशा फेऱ्यांतून तो पदार्थ उभा राहत असे. हे काम हाताने रांधण्यापेक्षा हलके आहे असे ज्यांना वाटते त्यांनी वीस वर्षांपूर्वी खाल्लेल्या एखाद्या पदार्थाची चव दुसऱ्याच्या हातून हुबेहूब काढून पाहावी.

त्या यादीतले काही पदार्थ इथे सांगतो, कारण नुसत्या नावांनी मराठी वाचकाला काही उमगणार नाही. पॉटस्टिकर म्हणजे करंजीच्या आकाराचे, मांस आणि कोबी भरलेले डम्पलिंग. आधी तव्यावर तेलात एका बाजूने खरपूस करायचे, मग पाणी ओतून झाकण ठेवायचे. पाणी आटेपर्यंत वरची बाजू वाफेवर मऊ शिजते आणि खालची पुन्हा कुरकुरीत होते. चहाच्या धुराचे बदक सिच्वानचे. मिरे-मिठात मुरवलेले बदक चहाची पाने आणि कापराचे लाकूड जाळून त्या धुरात धरायचे, मग वाफवायचे, शेवटी तळायचे. भिकाऱ्याची कोंबडी शांघायच्या बाजूची. मसाला भरलेली कोंबडी कमळाच्या पानात गुंडाळून वरून चिकणमातीचा थर द्यायचा, तासन्तास भट्टीत ठेवायची आणि गिऱ्हाइकासमोर तो कडक झालेला थर हातोडीने फोडायचा. याशिवाय आंबट-तिखट सूप, दोनदा शिजवलेले डुकराचे मांस, मू शू, आणि कोशिंबिरीच्या गार पानात गुंडाळून खायचे कबुतराचे बारीक परतलेले मांस. आज अमेरिकेत यातले बहुतेक पदार्थ साध्या रेस्टॉरंटातही मिळतात. तेव्हा ते जवळपास कुणाला माहीत नव्हते.

पोल्क स्ट्रीटचे दिवस पालटले ते एका स्तंभलेखकामुळे. ‘ट्रेडर विक’ या प्रसिद्ध रेस्टॉरंटचे मालक व्हिक्टर बर्जरॉन हे तिथे येऊ लागले होते. ‘सॅन फ्रान्सिस्को क्रॉनिकल’मध्ये रोजचे सदर लिहिणारे हर्ब केन यांनाही जेवण आवडले आणि त्यांनी सदरात चार शब्द लिहिले. दुसऱ्या दिवसापासून फोन थांबेना आणि दाराबाहेर रांग लागली. ही हकीकत वृत्तपत्राच्या ताकदीचे उदाहरण म्हणून नेहमी सांगितली जाते. मला त्यात दुसरे काही दिसते. केन आले त्या दिवशीही यादीत चॉप सुई नव्हते. रिकाम्या टेबलांच्या काळात बाईंनी ते ठेवले असते तर त्यांना कुणी दोष दिला नसता.

१९६८मध्ये ‘द मँडरिन’ गिरार्डेली स्क्वेअरमध्ये गेले. खाडीकाठच्या जुन्या चॉकलेट कारखान्याच्या इमारती नव्याने सजवून तिथे दुकाने आणि रेस्टॉरंटे आणली होती. तीनशे माणसांची बैठक. लाल-सोनेरी रंग, ड्रॅगन, कागदी कंदील यांपैकी काही ठेवायचे नाही असे त्यांनी ठरवले. जुन्या चिनी वस्तू, शांत रंग आणि खिडकीबाहेर समुद्र. वाढणाऱ्यांनी प्रत्येक पदार्थ कुठला, कसा खायचा हे सांगायचे. आणि किमती चांगल्या फ्रेंच रेस्टॉरंटच्या बरोबरीने. या शेवटच्या गोष्टीवर मी पुस्तकात बराच वेळ थांबलो आहे. चिनी जेवण स्वस्तच असायला हवे या समजुतीच्या मुळाशी चिनी माणसाची मजुरी स्वस्त असायला हवी ही समजूत होती. बदक तीन वेळा शिजवणाऱ्या आचाऱ्याच्या वेळेला बाईंनी मोल लावले, आणि गिऱ्हाइकाने ते दिले. तिथल्या टेबलांवर झालेला खरा बदल हा होता असे मला वाटते.

पुढचे दशक भरभराटीचे. बेव्हर्ली हिल्समध्ये १९७५ला दुसरी शाखा निघाली. त्याआधी, १९७२मध्ये, निक्सन पेकिंगला गेले आणि त्यांच्या मेजवान्या अमेरिकेने दूरचित्रवाणीवर पाहिल्या. उत्तरेकडच्या चिनी जेवणाबद्दल एकाएकी कुतूहल वाढले. बाईंनी स्वयंपाकाचे वर्ग घेतले. त्यांत ज्युलिया चाइल्ड आल्या, ॲलिस वॉटर्स आल्या, नट डॅनी के आले. १९७१मध्ये बर्कलीला ‘शे पानीस’ सुरू करणाऱ्या वॉटर्स यांची आणि त्यांची मैत्री अखेरपर्यंत टिकली. ज्युलिया चाइल्डने फ्रेंच जेवणासाठी अमेरिकेत जे केले, ते सेसिलियाने चिनी जेवणासाठी केले, असे वॉटर्स म्हणत.

हे श्रेय एकट्या बाईंच्या पदरात टाकणे मात्र अन्यायाचे होईल. वैद्यकीचे शिक्षण घेतलेल्या बूवेई यांग चाओ यांचे चिनी पाककृतींचे इंग्रजी पुस्तक १९४५चे. सॅन फ्रान्सिस्कोतच जॉनी कान यांनी १९५३पासून कँटनी जेवण देखण्या दालनात वाढायला सुरुवात केली होती. पेकिंगमध्ये जन्मलेल्या जॉइस चेन यांनी १९५८मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला रेस्टॉरंट काढले आणि १९६६मध्ये दूरचित्रवाणीवर स्वयंपाकाचा कार्यक्रम केला. त्यांचे काम मला च्यांगबाईंच्या कामाइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि त्यांच्यावरही मराठीत कुणीतरी लिहायला हवे.

सत्तरच्या दशकात बाईंना चीनमध्ये परत जाता आले. तोवर आई गेली होती. वडील वृद्ध झाले होते आणि वाडा, गिरण्या, सगळे गेले होते. त्यांचे पहिले पुस्तक ‘द मँडरिन वे’ १९७४चे. त्यात बालपणीच्या वाड्यातले सण, ऋतू आणि जेवणे आहेत. ‘द सेव्हन्थ डॉटर’ आले २००७मध्ये, आणि त्यात त्या वाड्याचे पुढे काय झाले तेही आहे. दोन्ही एका पाठोपाठ वाचली की त्या घराचे जेवण बाईंनी इतक्या हट्टाने का जपले याचे उत्तर वेगळे शोधावे लागत नाही. ते जेवण जिथे होत असे ते टेबल आता फक्त त्यांच्या गिऱ्हाइकांपुढे मांडता येणार होते.

लहानपणी मावशीपाशी राहिलेला मुलगा फिलिप मोठा होऊन याच धंद्यात आला. पॉल फ्लेमिंग यांच्याबरोबर त्याने १९९३मध्ये ॲरिझोनातल्या स्कॉट्सडेलला ‘पी. एफ. चँग्ज’ सुरू केले, आणि पुढे त्याच्या शाखा देशभर पसरल्या. आईच्या यादीतले पानात गुंडाळलेले कबुतर तिथे कोंबडीचे झाले आणि साखळीचा सर्वांत लोकप्रिय पदार्थ ठरले. याला ऱ्हास म्हणणारे आहेत. मला ती त्याच गोष्टीची पुढची पिढी वाटते: आईने नाकारलेली तडजोड मुलाने स्वीकारली, आणि तिच्या टेबलावर ज्यांना बसणे परवडले नसते अशा लाखोंपर्यंत त्या चवीचा काही अंश नेला. काय हरवले आणि काय पोचले याचा हिशेब त्या प्रकरणात मांडला आहे.

बाईंनी १९९१मध्ये ‘द मँडरिन’ विकले; नव्या मालकांकडून ते २००६मध्ये बंद झाले. त्या स्वतः थांबल्या नाहीत. नव्या रेस्टॉरंटांना सल्ला देणे, तरुण शेफच्या टेबलावर बसून चाखणे आणि काय चुकले ते तोंडावर सांगणे चालूच होते. चायनाटाऊनमध्ये २०१६ला ‘मिस्टर ज्यूज’ उघडणारे ब्रँडन ज्यू हे त्यांच्या अशा चाखण्यातून शिकलेल्यांपैकी. २०१३मध्ये, वयाच्या ९२व्या वर्षी, जेम्स बिअर्ड प्रतिष्ठानने त्यांना जीवनगौरव दिला. ‘शे पानीस’ला चाळीस वर्षे झाली तेव्हा त्यांनी वॉटर्स यांच्यासाठी जी मेजवानी रचली, ती दिग्दर्शक वेन वांग यांनी ‘सोल ऑफ अ बँक्वेट’ या माहितीपटात टिपली आहे. जमल्यास पुस्तक वाचण्याआधी तो पाहावा. नव्वदी ओलांडलेल्या बाई कढईशेजारी उभ्या राहून चमच्याने चव घेतात आणि पुढच्या सूचना देतात, ते पाहिल्यावर या पुस्तकातले पुष्कळसे वेगळे समजावे लागणार नाही. २८ ऑक्टोबर २०२० रोजी, शंभरी पूर्ण करून, सॅन फ्रान्सिस्कोत त्या वारल्या.

पुस्तकाच्या रचनेबद्दल थोडे. चिनी नावे मराठी कानाला सोपी जातील अशी लिहिली आहेत, आणि त्या काळी रूढ होती तीच शहरांची रूपे ठेवली आहेत. म्हणून बीजिंगऐवजी पेकिंग. पाककृती मोजक्याच दिल्या आहेत, आणि त्याही जिथे कृती कळल्याशिवाय प्रसंग कळत नाही तिथेच. कापराच्या लाकडाचा धूर घरातल्या गॅसवर करायला जाऊ नये. वूशीचे गोडसर मांस किंवा पॉटस्टिकर मात्र आपल्या तव्यावर नीट होतात, फक्त झाकण घट्ट बसणारे हवे. ज्यांना धंद्याची गोष्ट वाचायची घाई आहे त्यांनी थेट पोल्क स्ट्रीटपासून सुरुवात केली तरी हरकत नाही. पण दोनशे पदार्थांच्या त्या यादीपाशी आल्यावर मागे जाऊन चीनमधली प्रकरणे वाचावीत. बदक सिच्वानमधून आले, डम्पलिंग पेकिंगहून, कोंबडी शांघायच्या बाजूने. यादीतला एकेक पदार्थ बाई कुठे राहिल्या आणि कुठून निघाल्या ते सांगतो, आणि त्या क्रमाने वाचली तर ती यादी फार लांब वाटत नाही.